मावळतीच्या काठावर तक्रार नाही

मट्टक्कळप्पु, श्रीलंका
४ मे २००३

अरुळ,

तुझ्या भाचीसाठी, निरोजासाठी, कोणाशीही बोलू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र आहे. पुढचं वाचायला वेळ नसेल तर इथे थांबलास तरी चालेल.

मलरनं तुला टोरांटोला फोन केला हे मला काल कळलं, तेही तिच्याकडून नाही, फोनच्या दुकानातल्या बाईकडून. तू म्हणे तिला म्हणालास, "अक्का, रडू नकोस. मी वर शब्द टाकतो." वर म्हणजे कुठे हे मला समजतं. ज्यांच्यासाठी तू तिकडच्या सभागृहांत भाषणं करतोस, त्यांच्याकडे. तुझ्या एका भाषणाची कॅसेट इथपर्यंत आली आहे. भाषा चांगली आहे. माझ्या हाताखाली शिकलास, ती चांगली असायलाच हवी. त्यात एक वाक्य आहे: आमच्या मातीनं आपली लेकरं हसत हसत दिली. कोण हसत होतं, अरुळ? मी इथेच असते. मला कोणी दिसलं नाही.

ही कॅसेट ऐकली तेव्हापासूनच मी तुला लिहायचं बंद केलं होतं. आज लिहिते आहे, कारण तू शब्द टाकण्याआधी तो कुणाच्या डोक्यावर पडणार हे तुला माहीत असावं.

झालं ते असं. गेल्या आठवड्यात लढ्यातली बंदूकवाली पोरं मलरच्या अंगणात आली. त्यांच्यातले काही आता चाळिशीला टेकले, तरी गाव त्यांना पोरंच म्हणतं. म्होरक्या कदिरवन. माझ्या वर्गात खिडकीशी बसायचा, तेव्हा त्याचं नाव पुवनेंद्रन होतं. मी शनिवारी गावी गेलेली, ओसरीवर होते.

"टीचर, बऱ्या आहात?"

"बरी आहे. चपला काढ, अंगण सारवलंय."

काढल्या. त्याच्या मागच्या दोघांनीही बूट काढले, बंदूक सांभाळत, एका पायावर नाचत. मलरनं चहा आणि गुळाचा खडा ठेवला.  तिचा नवरा कतारला, घरात ती आणि तीन पोरं.

"घरामागे एक, टीचर," तो म्हणाला. "सगळ्या गावाला तोच नियम आहे. मोठीचं नाव लिहिलंय."

"ती पंधरा वर्षांची आहे."

"लढा वय विचारत नाही."

"लढा विचारत नसेल. तू विचार. तुझं गणित चांगलं होतं."

तो हसला. चहा संपवून कप स्वतः उचलून ठेवला. "अम्मनचा उत्सव होऊ दे," म्हणाला. "कुळिर्ती झाली, देवी थंड झाली, की न्यायला येतो. उत्सवाआधी कोणाला हात लावणार नाही. आम्हीही याच गावचे."

आता तुझ्या शब्दाचं. गावाचा आकडा ठरलेला असतो. एक नाव खोडलं की त्या जागी दुसरं येतं. निरोजाचं खोडलं तर शेजारच्या वळ्ळियम्मैच्या जेयंतीचं येईल. ती एकुलती, बाप नाही, म्हणून आजवर सुटली होती. आणि तिचा कोणी मामा कॅनडात नाही. मग मी त्या बाईच्या विहिरीवर कोणत्या तोंडानं घागर नेऊ?

हे मी मलरलाही सांगितलं. तिनं ताटावरून उठून हात धुतले. म्हणाली, "तुमची मान ताठ राहायला हवी ना, अम्मा? राहू द्या. माझी पोर गेली तरी तुमची मान ताठच राहील."

 तुला सांगते: हो, राहील. मान ताठ ठेवून पोर वाचवायचा रस्ता मी शोधते आहे. तोवर तू गप्प राहा.

अम्मा

१५ मे २००३

अरुळ,

तुझं उत्तर नाही. म्हणजे ऐकलंस, असं धरून चालते.

माझ्या नोकरीबद्दल तिकडे काय बोलतात ते मलर सांगत होती. तंगेश्वरी टीचर गोऱ्यांची हेर झाली. हेर लपून काम करतो. मी पांढऱ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर, छत्री मांडीवर ठेवून, सगळ्या बाजारातून जाते. शस्त्रसंधी झाली, युरोपच्या उत्तरेकडच्या देशांनी निरीक्षक पाठवले, त्यांना दुभाषी हवा होता. मी पेरादेनियातली इंग्रजीची पदवीधर, सगळा जन्म शिकवण्यात गेला. मला निवृत्तीनंतर शेळ्या वळायला जमलं नसतं.

माझा निरीक्षक हाल्दोर. बर्फाच्या एका बेटावरचा, निवृत्त पोलीस, ताडासारखा उंच. खाडीच्या पलीकडचा सगळा मावळतीचा काठ त्याच्याकडे आहे, म्हणजे पोरांच्या ताब्यातला. उगवतीकडे सैन्य, मावळतीकडे पोरं, आणि मधे फेरीच्या तराफ्यावर आम्ही दोघं जीपसकट. त्याच्या देशाला सैन्यच नाही. हे त्यानं सांगितलं तेव्हा तराफ्यावरची माणसं त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली.

"मग तुमच्याकडे भांडतं कोण?" तराफेवाल्यानं विचारलं. मी भाषांतर केलं.

"नातेवाईक," हाल्दोर म्हणाला.

तराफेवाला इतका हसला की वल्हं सुटलं. तेव्हापासून त्याला सगळे वेळ्ळै मामा म्हणतात, गोरे मामा.

काम असं. आम्ही गावात जातो, चिंचेखाली टेबल मांडतो. कोणाची तक्रार असेल तर त्यानं यावं, नाव सांगावं. पोर नेल्याची किंवा नाव लिहून नेल्याची तक्रार आईनं किंवा बापानंच करायची, नावानिशी. मग ती अहवालात जाते, अहवाल कोलंबोला, आणि तिथून तो परदेशी वकिलाती वाचतात. त्यांचे राजदूत दोन्ही बाजूंना भेटतात, तेव्हा हातात तेच कागद असतात. पोरांना सैन्याची भीती नाही. जगात आपलं नाव खराब होण्याची आहे. त्या कागदाला ते वचकून असतात.

पण नाव कोण सांगणार? टेबलापासून दहा हातांवर कदिरवनचा माणूस सायकलला टेकून उभा असतो. बायका येतात. शेळी हरवली सांगतात. विहिरीला पाणी कमी झालं सांगतात. परवा वळ्ळियम्मै, जेयंतीची पाळी येईल या धास्तीनं रात्र रात्र जागणारी, आली, बसली, पदराचं टोक पिळत राहिली आणि म्हणाली, "यंदा झिंगे बारीक येतायत. लिहा."

मी सांगितलं: यंदा झिंगे बारीक येतायत.

ती गेल्यावर हाल्दोरनं पेन खाली ठेवलं. "टीचर, ही बाई झिंग्यांसाठी आली नव्हती."

"तिनं जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगितलं."

"तुम्हाला माहीत आहे तिला काय सांगायचं होतं."

"माहीत आहे."

"मग सांगा ना!"

"मला कामावर घेताना तुमच्या कचेरीनं नियम वाचून दाखवले होते. दुभाष्यानं आपल्या पदरचं घालू नये, दुसऱ्याचं गाळू नये. शिवाय तुम्हाला आईबापाचं नाव लागतं. मी कुणाची आई म्हणून इथे बसलेली नाही."

त्यानं पेन परत उचललं. मग त्या आठवड्याचा अहवाल लिहिला. एक ओळ: मावळतीच्या काठावर तक्रार नाही. कोलंबोत कोणी राजदूतसाहेब ही ओळ वाचतील आणि म्हणतील, चला, तिकडे तरी शांतता आहे.

मलर म्हणते, "त्याच्या कानात सांगायला काय जातं तुमचं?" काय जातं ते सांगते. उद्या सैन्यानं कुणाला मारलं आणि ते मी त्याला सांगितलं, तर कदिरवनसुद्धा म्हणतो, टीचर बोलली म्हणजे तसंच झालं असणार. दोन्ही काठांवर दोन्ही बाजूंची माणसं हे म्हणतात. या जिल्ह्यात असं नाव दुसऱ्या कुणाचं असेल तर दाखव. ते एकदा कानात कुजबुजण्यासाठी मोडायचं नसतं. आणि बिननावाची तक्रार अहवालात बसतही नाही, म्हणजे नावही जाईल आणि पोरही.

बोलायचं तर एखाद्या आईनंच, सगळ्यांसमोर. मलरला मी तेवढंच म्हटलं. तिनं माझ्याकडे पाठ फिरवली आणि भांडी घासत बसली.

अम्मा

२६ मे २००३

अरुळ,

बोललास तर.

काल कदिरवन परत आला, या वेळी बिस्किटांचा डबा घेऊन. चपला आपणहून काढल्या. मलरला म्हणाला, "अक्का, निरोजाचं नाव खोडलंय. कॅनडातल्या मामाचा मान ठेवायला नको का?" मलर मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मीही तिची आई आहे, निरोजाची आजी आहे. छातीवरचं ओझं उतरलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मग मी विचारलं, "जागा कुणाची भरली?"

"ते गावाचं गावात बघू, टीचर."

"मी गावातच बसले आहे."

तो चपला घालून निघाला. उत्तराची गरजही नव्हती. दुपारी वळ्ळियम्मै आली. मला वाटलं भांडेल, शिव्या देईल, अंगणातली माती उचलून फेकेल.  आमच्याकडून उसनं नेलेलं जे जे तिच्याकडे होतं ते सगळं आणून तिनं ओसरीवर ओळीनं मांडलं. सूप. चाळण. पिट्टू उकडायचं भांडं. निरोजाचा लहानपणचा एक झगा, जो जेयंतीनं वापरला होता. धुऊन, घडी करून. आणि गेली. तिकडे माणसं असं करत असतील की नाही मला माहीत नाही. आमच्याकडे यापुढे काही उरत नाही.

निरोजा झग्याकडे बघत होती. म्हणाली, "मला मामानं सोडवलं. जेयंतीला कोणी नाही, म्हणून ती जाणार. असंच ना, अम्माच्ची?"

"असंच," मी म्हटलं. या पोरीशी मी कधी खोटं बोललेले नाही.

मलर आत गेली. बिस्किटांचा डबा न फोडता कोनाड्यात ठेवला. संध्याकाळी चुलीशी बसून म्हणाली, "बोला आता. तुम्ही म्हणत होता तसंच झालं. बोला."

मी चुलीत लाकूड सरकवलं. तिला ते आणखीच लागलं असावं.

तुझा हेतू चांगला होता, हे मला कळतं. आणखी काही मदत करू नकोस.

अम्मा

१२ जून २००३

अरुळ,

हे पत्र लांबेल. सावकाश वाच. यात तुझंही नाव आहे.

उत्सवासाठी अम्मनचं दार उघडलं. यंदा पुजारी सामितंबि यांनी हाल्दोरला पाहुणा म्हणून बोलावलं. तो आला, जीप चिंचेखाली लावली, तिच्यावरचा निरीक्षकांचा निळा झेंडा काढला नाही. मी शाळेच्या पायरीवर होते. शंख वाजला तशी सामितंबि हळदीचे दोरे घेऊन निघाले आणि वेशीच्या आत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर बांधत सुटले. म्हातारे, पोरं, तान्ही बाळं. कदिरवनलाही बांधला, कारण पहिला घट उचलायचा मान त्याच्या आईच्या घराण्याचा. तो सोडला तर गाव त्याला उद्या कोण म्हणून विचारणार नाही. बंदूक आणि पहारेकरी कमानीबाहेर ठेवून तो आला होता. शस्त्र आत आणायचं नाही, हा नियम त्याच्या बापाच्याही आधीचा आहे.

मग सामितंबि हाल्दोरपाशी आले. म्हाताऱ्याच्या डोक्यात काय आलं देव जाणे. त्यानं हाल्दोरलाही बांधला. तेवढ्यापुरतं त्याला वाटलं असावं की शंखाच्या वेळी आत आहे, म्हणजे गावचाच.

"सुंदर आहे," हाल्दोर म्हणाला. मी ते तमिळमध्ये सांगितलं.

दोरा बांधलेल्या माणसानं देवी थंड होईपर्यंत वेस ओलांडायची नसते. तुला हे माहीत आहे. त्याला नव्हतं.

उन्हं कलल्यावर तो जीपकडे निघाला आणि बायकांनी एकच गिल्ला केला. "अय्यो, मामा निघाले! दोऱ्यानिशी निघाले! गावात देवी येईल, पोरांच्या अंगावर फोड उठतील!" सामितंबि जीपसमोर आडवे पडायला निघाले, त्यांना दोघांनी धरलं.

"टीचर, काय झालं?"

मी सांगितलं. फोडांसकट.

"कधीपर्यंत?"

"देवीचा राग निवेपर्यंत. पुढच्या सोमवारपर्यंत."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हाला हे माहीत होतं."

"होतं."

"मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्याचा चेहरा आधी लाल झाला. मग तो जीपच्या चाकाला टेकून बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याच्या बेटावरही, म्हणाला, एका खडकाला हात लावायचा नाही म्हणून सरकारनं रस्ता वळवला आहे. तो सरकारी माणूस असून त्या खडकाजवळून टोपी काढून जातो. रेडिओवर कचेरीतून हुकूम आला, परत या. हाल्दोर म्हणाला, येता येत नाही, मला बांधलंय. कोणी? देवीनं. पलीकडे बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती.

तर असे दोघं अडकले, हाल्दोर आणि कदिरवन. हाल्दोर शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपला, त्याचे पाय दाराबाहेर यायचे. दिवसा दोघंही मांडवात बसून असत, एकमेकांना पंख्यानं वारा घालत. कदिरवनचे पहारेकरी वेशीबाहेर माशा मारत. त्यांना आत येता येईना, त्याला बाहेर जाता येईना.

रविवारी दुपारी बायका देवळाच्या अंगणात पोंगल रांधत होत्या. मी मांडवात हाल्दोरच्या शेजारी बसले होते. मलर चुलीवरून उठली. केस ओले, हात पिठानं भरलेले. सरळ वळ्ळियम्मैच्या चुलीपाशी गेली. वळ्ळियम्मैनं मान वर केली नाही. मलरनं तिचं मनगट धरलं, तिला उठवलं आणि ओढतच मांडवात आणली.

"वेळ्ळै मामा, लिहून घ्या," ती म्हणाली.

कदिरवन उठला. "अक्का, नीट विचार करा."

"विचार केला, पुवनेंद्रा. बस खाली. दोरा आहे तुझ्या हातात, जाशील कुठे?"

बायकांत कोणीतरी हसलं. तो बसला. बायकांच्या हसण्यापुढे बंदूकवाला बसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

हाल्दोर मला म्हणाला, "ही तुमची मुलगी. नियमानं मला दुसरा दुभाषी हवा."

मी ते तिला सांगितलं. ती माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "दुसरा नको. मी हिला शिव्या दिल्या तरी ही त्या जशाच्या तशा तुम्हाला सांगेल. असा दुसरा आणून दाखवा."

हाल्दोरनं कदिरवनला विचारलं, "तुमची हरकत?" कदिरवन इकडेतिकडे बघत म्हणाला, "टीचरवर कोणाची हरकत असते?"

मग ती बोलली. दुभाषी "ती म्हणते" असं म्हणत नाही, अरुळ. समोरचा मी म्हणाला की दुभाषीही मीच म्हणतो. म्हणून माझ्या तोंडून ते असं बाहेर पडलं:

"मी योगमलर. माझ्या मुलीचं, निरोजाचं, नाव यांनी लिहून नेलं. ती पंधरा वर्षांची आहे. मी कॅनडातल्या माझ्या भावाजवळ, अरुळानंदनजवळ, रडले. त्यानं वर बोलून नाव खोडवलं. तिच्या जागी हिच्या जेयंतीचं लिहिलं. हे सगळं लिहा. भावानं खोडवलं तेही लिहा, नाहीतर माझी तक्रार अर्धीच होईल. माझ्या आईनं मला अडवलं होतं. मी ऐकलं नाही. माझी आई कडक बाई आहे, तिच्याजवळ रडता येत नाही. म्हणून मी भावाजवळ रडले."

मी एकही शब्द गाळला नाही. माझी आई कडक बाई आहे, तिच्याजवळ रडता येत नाही: हे मी स्वच्छ इंग्रजीत, सगळ्या गावासमोर, माझ्याच आवाजात म्हटलं. हाल्दोरनं लिहिलं आणि माझ्याकडे बघणं टाळलं. चांगला माणूस आहे.

"पूर्ण नाव?" त्यानं विचारलं. "कोणाची मुलगी? वडिलांचं नाव?"

मलर म्हणाली, "माझं घर आईकडून आलंय, पाठीचा कणाही तिच्याचकडून. आईचं नाव लिहा. तंगेश्वरीची मुलगी योगमलर."

हे एकच वाक्य मला दोनदा सांगावं लागलं. 

तिच्यामागे वळ्ळियम्मै बसली. या वेळी झिंग्यांचं नाव काढलं नाही. मग चुलींवरून एकेक बाई उठायला लागली. पोंगल उतू गेला, करपला, कोणी बघितलं नाही. ज्यांची पोरं आधीच नेली होती त्याही आल्या. एक म्हणाली, "माझ्या मुलाला बुटांचा त्रास होतो, डावा पाय वाकडा आहे. तो जिवंत असेल तर एवढं त्यांना सांगा." ती हाल्दोरला सांगत होती, पण बघत होती कदिरवनकडे. तो ऐकत होता. त्याला ऐकणं भाग होतं. प्रत्येकीचं संपेपर्यंत तो मान खाली घालून मनगटावरचा दोरा फिरवत बसला.

सोमवारी देवी थंड झाली. दोरे सोडले. हाल्दोर पहिल्या तराफ्यानं गेला आणि त्याच दिवशी अहवाल लिहिला. तो कोलंबोला गेला आहे, नावांसकट. तुझं नावही त्यात आहे. मी ते गाळायला सांगितलं असतं तर हाल्दोरनं कदाचित गाळलंही असतं. मी सांगितलं नाही.

मलर मला लहानपणापासून भित्री वाटायची. झुरळ बघून ओरडणारी, काळोखात दिवा मागणारी. आई म्हणून माझी परीक्षा चुकली, आणि इतकी चुकल्याचा मला इतका अभिमान आहे की कुणाला सांगू असं होतं. इथे सांगता येत नाही. म्हणून तुला सांगितलं.

अम्मा

२० जुलै २००३

अरुळ,

इकडचं आधी. दोरे सुटल्यावर नावं लिहिलेल्यांना न्यायला त्यांचा ट्रॅक्टर वेशीपर्यंत आला. बायका रस्त्यावर भात निवडत बसल्या होत्या, सुपं घेऊन, जणू अंगणच तिथे आलं होतं. ट्रॅक्टर थांबला, घरघरत उभा राहिला आणि परत गेला. पुढच्या आठवड्यात कोलंबोहून दोन वकिलातींची माणसं आली. त्यांतल्या एका उंची चष्मा लावलेल्या बाईनं मलरला विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?" मलर म्हणाली, "वाटते ना. तुम्ही गेल्यावर जास्त वाटेल. म्हणून लवकर जाऊ नका." मी भाषांतर केलं. त्या बाईनं मुक्काम एका दिवसानं वाढवला.

मग कदिरवन माझ्याकडे कचेरीच्या दाराशी आला. सायकलवर, एकटा.

"टीचर, माझी बदली झाली. उत्तरेला."

"तिथे ऊन फार असतं. छत्री घे."

"तुम्ही मला अडकवलंत."

"मी फक्त भाषांतर केलं."

तो हसला नाही. "वरून हुकूम आलाय. या गावाला सध्या हात लावायचा नाही." सायकल वळवली, परत थांबला. "त्या वाकड्या पायाच्या मुलाला मी घरी पाठवलंय. हे लिहायला नको."

मी ते दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण त्या लोकांना तू आजवर एकाच रंगात रंगवत आलास, तसं पुढे करू नयेस.

"सध्या" याचा अर्थ मला कळतो. उद्या नवा म्होरक्या येईल, शस्त्रसंधी मोडेल, निरीक्षक सामान बांधतील. पण जेयंती आणि निरोजा आज एका सायकलवरून शाळेत गेल्या, आणि सूप परत शेजारी गेलं आहे. वळ्ळियम्मैनं ते मागितलं नाही. येऊन उचललं आणि गेली, पूर्वी न्यायची तशी.

आता तुझं. तुझ्या पत्रात तू लिहिलंस की अहवालातलं तुझं नाव फुटल्यापासून तिकडे लोक तुला बघून रस्ता बदलतात, लढ्याच्या समितीतून काढलं, दुकानात उधारी बंद झाली. लिहिलंस, "अम्मा, मला इथे मान वर करता येत नाही." वाचून मला तुझा रागच आला. म्हटलं, एवढ्याला रडतोस?

मग मलरनं बाकीचं सांगितलं. ते तू मला लिहिलं नाहीस. समितीचे लोक एक निवेदन तयार करून तुझ्या घरी आले होते. त्यात होतं की बहिणीनं परक्यांच्या सांगण्यावरून खोटी तक्रार केली, मी कोणाचं नाव खोडवलं नाही, असं काही घडलंच नाही. खाली सहीची जागा. तू म्हणालास, "माझ्या अक्कानं जे सांगितलं ते खरं आहे. मीच वर फोन केला होता." आणि दार उघडून उभा राहिलास, ते बाहेर जाईपर्यंत.

अरुळ, तुझ्या त्या कॅसेटमधल्या सगळ्या भाषणापेक्षा हे वाक्य चांगलं आहे. लहान आहे, क्रियापद जागेवर आहे, आणि खरं आहे. ज्या माणसानं हे वाक्य तिथे, त्या लोकांसमोर, बायकामुलांच्या पोटाचा विचार करूनही म्हटलं, त्याला मान वर करता येत नाही असं मला पटत नाही. सवय नाही म्हणून दुखत असेल. दुखू दे.

मला उत्तर लिहायची घाई करू नकोस. निरोजाला आधी लिही. तिला वाटतं की तिच्यामुळे मामाचं सगळं गेलं, आणि माझं ती ऐकत नाही. मी समजूत घालायला गेले की तिला ते रागावल्यासारखं वाटतं. तुझं ऐकेल. तिला सांग, काय गेलं आणि काय राहिलं ते. आणि तिकडे तू जेवतोस का, तेही लिही. मलर विचारत होती.

अम्मा